वैनगंगेचा काठ आणि पालथं घातलेलं पोर

ज्यांचं बालपण बालाघाटात, वैनगंगेच्या काठी गेलं, त्यांना हे आठवत असेल. कुणी बुडालं की आरडाओरडा व्हायचा. बाहेर काढलेल्याला पालथं घालायचं, पोटातलं पाणी काढायचं. कुणी म्हणे, पाय धरून उलटा करा! माझ्या डोळ्यांदेखत एक शाळकरी पोरगा असाच गेला. धडपडले सगळेच, पण तोंडाने श्वास द्यावा हे एकालाही ठाऊक नव्हतं. मलाही नाही.

लोकांना दोष देववत नाही. स्काउटमध्ये आम्हीही तेच शिकलो होतो. पालथं झोपवा, पाठ दाबा, कोपर धरून हात उचला. ही होल्गर नील्सन या डॅनिश अधिकाऱ्याची १९३२ची रीत. पुढे १९५०च्या दशकाअखेर डॉ. पीटर सफर यांनी दाखवून दिलं की तोंडाने दिलेला श्वास यापेक्षा कितीतरी चांगला. १९६० साली बाल्टिमोरच्या कौवेनहोव्हेन, जूड आणि निकरबॉकर यांनी छाती दाबून रक्त फिरतं ठेवण्याची रीत प्रसिद्ध केली. दोन्ही मिळून आजचं सीपीआर झालं. आमच्या वहीत मात्र नील्सनच राहिला.

गंमत बघा, प्रथमोपचाराचं रीतसर शिक्षण आपल्या शेजारीच होतं. १९५२चा खाण कायदा आणि १९५५चे नियम यांमुळे खाणीवर प्रथमोपचार शिकलेली माणसं ठेवावी लागत, सेंट जॉन अँब्युलन्सच्या प्रमाणपत्राची. भरवेलीची मँगनीज खाण गावाला लागूनच. पण तिथलं कुणी आमच्या वर्गात शिकवायला आल्याचं आठवत नाही.

म्हणून आता नातवंडांच्या शाळेत बाहुलीवर सीपीआर शिकवतात तेव्हा मी मागच्या बाकावर जाऊन बसतो. छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२०, मोठ्या माणसाला पाच-सहा सेंटिमीटर खोल. तीस दाब, दोन श्वास. बुडालेल्याला आधी श्वास द्यायचा, कारण त्याचा प्राणवायूच संपलेला असतो. पोट दाबत वेळ घालवायचा नाही. एकाने १०८ लावायचा.

आपल्या मुलांच्या शाळेत हे शिकवतात का, एकदा विचारा. नसेल तर मुख्याध्यापकांकडे जा, दोन-चार घरं मिळून जा. दहावीतलं पोरगं तासाभरात शिकतं. नदी तर तिथेच आहे.