जवानांची रजा : हक्क नव्हे, सवलत

नागपूर रेल्वे स्थानकावर उत्तरेकडून येणारी गाडी थांबली की पाठीवर हिरवी पिशवी आणि हातात काळी ट्रंक घेतलेला एखादा जवान हमखास उतरताना दिसतो. काही आठवड्यांनी तोच जवान त्याच फलाटावर कुटुंबाचा निरोप घेत उभा असतो. या दोन क्षणांच्या मधला काळ म्हणजे त्याची रजा. फौजेच्या बोलीत 'छुट्टी'. कामठीची छावणी शहराच्या कुशीत असल्याने नागपूरकरांना सैनिकांची ये-जा नवी नाही. मात्र ही रजा कशी मिळते, ती कोण रोखू शकते आणि ती संपल्यावर एक दिवस उशीर झाला तर काय होते, याची माहिती अनेक सैनिकी कुटुंबांनाही पुरेशी नसते. या अज्ञानाची किंमत कधी कधी नोकरी गमावून मोजावी लागते.

रजेचे प्रकार

इराकमध्ये वर्षभरासाठी तैनात असलेल्या अमेरिकी सैनिकांना २००३ पासून मध्येच पंधरा दिवसांची खास विश्रांती रजा दिली जात असे. भारतीय लष्करात तैनातीशी जोडलेली अशी स्वतंत्र विश्रांती रजा नाही. येथे रजेचा हिशेब कॅलेंडर वर्षावर चालतो. जवान आणि जेसीओ यांना वर्षाला ६० दिवसांची वार्षिक रजा आणि ३० दिवसांची नैमित्तिक रजा मिळू शकते. अधिकाऱ्यांसाठी वार्षिक रजा ६० दिवसांचीच असून नैमित्तिक रजा २० दिवसांची आहे. २०२२ मध्ये सुरू झालेल्या अग्निपथ योजनेतील अग्निवीरांना मात्र वर्षाला ३० दिवसांचीच रजा आहे. आजारपणाची रजा वैद्यकीय सल्ल्यानुसार वेगळी दिली जाते. महिला अधिकाऱ्यांना असलेल्या प्रसूती व बालसंगोपन रजा २०२३ मध्ये सैन्यातील अन्य महिलांनाही लागू करण्याचा निर्णय झाला.

नैमित्तिक रजेचा काळ सेवेत हजर असल्यासारखाच धरला जातो. ही रजा वार्षिक रजेला जोडून घेता येत नाही आणि वर्ष संपले की शिल्लक दिवसही संपतात. वार्षिक रजा न मिळाल्यास तिचे काही दिवस साठवता येतात आणि निवृत्तीच्या वेळी जास्तीत जास्त ३०० दिवसांचे वेतन रोखीने मिळते.

मंजुरी कशी मिळते?

रजेचे दिवस नियमात लिहिलेले असले तरी रजा हा हक्क नाही. सेवेची निकड असेल तर ती नाकारता, पुढे ढकलता किंवा अर्ध्यावर थांबवता येते. प्रत्येक पलटणीला ठरावीक मनुष्यबळ सदैव हजर ठेवावे लागते. म्हणून रजा पाळीपाळीने दिली जाते. जवान आपल्या कंपनीकडे अर्ज करतो, कंपनी कमांडर शिफारस करतो आणि अधिकार असलेला अधिकारी मंजुरी देतो. दिवाळीला सर्वांनाच घरी जायचे असते, पेरणीच्या वेळी शेतकऱ्यांच्या मुलांची ओढ वाढते. सर्वांचे समाधान होणे शक्य नसते. घरी मृत्यू, गंभीर आजार किंवा पूर, आग असे संकट असेल तर मात्र पाळी बाजूला ठेवून निर्णय घेतला जातो.

मंजुरीनंतर जवानाला रजेचे प्रमाणपत्र मिळते. त्यावर रजा सुरू होण्याची व संपण्याची तारीख आणि रजेच्या काळातील पत्ता असतो. हा कागद ओळखपत्राइतकाच जपायचा असतो. प्रवासासाठी रेल्वे वॉरंट व सवलतीची सोय आहे.

उंचीवरचा हिशेब

लडाखसारख्या अतिउंच भागातील तैनातीत रजेचे गणित हवामान आणि शरीर ठरवते. हिवाळ्यात बर्फामुळे रस्ते बंद होतात आणि विमानाची उड्डाणे आकाश मोकळे होण्यावर अवलंबून राहतात. संक्रमण शिबिरात ताटकळणे हा अनेकांचा नेहमीचा अनुभव असतो. परतीच्या वाटेवर आणखी एक टप्पा असतो. विदर्भाच्या सपाटीवर महिनाभराहून अधिक काळ राहिलेल्या जवानाचे शरीर विरळ हवेची सवय विसरलेले असते. त्याला थेट चौकीवर पाठवणे जीवघेणे ठरू शकते. म्हणून ९ ते १२ हजार फुटांवर सहा दिवस, १२ ते १५ हजार फुटांवर चार दिवस आणि त्याहून वर आणखी चार दिवस असे पुन्हा सरावाचे टप्पे पार पाडावे लागतात. म्हणजे एक जवान रजेवर गेला की त्याची चौकीवरील जागा रजेच्या दिवसांपेक्षा बरीच अधिक काळ रिकामी राहते. रजा मिळण्यास विलंब का होतो, याचे उत्तर बरेचदा येथे सापडते.

प्रवासातील धोकाही विसरता येत नाही. १४ फेब्रुवारी २०१९ रोजी पुलवामा येथे केंद्रीय राखीव पोलिस दलाच्या ताफ्यावर हल्ला होऊन ४० जवान हुतात्मा झाले. त्या ताफ्यातील अनेक जण रजा संपवून कामावर परतत होते. हुतात्म्यांमध्ये बुलढाणा जिल्ह्यातील दोन जवान होते. त्यानंतर आठवडाभरातच केंद्र सरकारने निमलष्करी दलांच्या सर्व जवानांना दिल्ली-श्रीनगर आणि जम्मू-श्रीनगर मार्गांवर विमानप्रवासाची परवानगी दिली. रजेवर जाता-येतानाचा प्रवासही तीत समाविष्ट करण्यात आला.

माघारी बोलावणे

१९९९ च्या कारगिल युद्धाच्या वेळी रजेवरील जवानांना तातडीने परत बोलावण्यात आले होते. मे २०२५ मधील 'ऑपरेशन सिंदूर'च्या वेळीही तेच घडले. लग्नाला अवघे तीन दिवस झालेला जळगाव जिल्ह्यातील एक जवान सीमेकडे रवाना झाल्याचे तेव्हा महाराष्ट्राने पाहिले. असा आदेश ही केवळ विनंती नसते. रजेवर असताना आपल्या तुकडीला प्रत्यक्ष सेवेवर जाण्याचा आदेश झाल्याचे अधिकृतपणे कळूनही पुरेशा कारणाशिवाय विनाविलंब हजर न होणे, हा लष्कर कायदा १९५० च्या कलम ३९ नुसार गुन्हा आहे.

उशीर झाला तर

याच कलमानुसार पुरेशा कारणाशिवाय रजेची मुदत ओलांडणे हाही गुन्हा असून त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. गैरहजेरी ३० दिवसांची झाली की कलम १०६ नुसार चौकशी न्यायालय बसते. त्यानंतरही जवान हजर झाला नाही किंवा सापडला नाही तर तो पलायन केलेला मानला जातो. त्याला ताब्यात घेण्यासाठी नागरी पोलिसांना कळविले जाते.

सर्वोच्च न्यायालयाने २८ जुलै २०२३ रोजी निकाली काढलेले एक प्रकरण बोलके आहे. सेना सेवा कोअरमधील एका वाहनचालकाला १९९८ मध्ये ३९ दिवसांची रजा मिळाली. पत्नीच्या आजारपणाचे कारण सांगून त्याने मुदतवाढ मागितली आणि आणखी ३० दिवस मिळालेही. त्यानंतर मात्र तो १०८ दिवस गैरहजर राहिला. पूर्वीही असे प्रकार घडलेले असल्याने त्याला सेवेतून काढण्यात आले आणि न्यायालयाने ती शिक्षा कायम ठेवली. शिस्त हा सैन्यदलाचा पाया आहे, अशी न्यायालयाची भूमिका होती. अडचण खरी असली तरी ती वेळेत कळवून मंजुरी मिळविणे आवश्यक असते, हाच याचा बोध.

कुटुंबीयांनी काय करावे?

रजेवर असताना जवान आजारी पडल्यास शक्य तितक्या लवकर जवळच्या लष्करी रुग्णालयात जावे. नागपूर परिसरात ते कामठीत आहे. प्रकृतीमुळे ते शक्य नसल्यास सरकारी रुग्णालयात दाखल व्हावे, कागदपत्रे जपून ठेवावीत आणि पलटणीला त्याच दिवशी कळवावे. मुदतवाढ हवी असल्यास मुदत संपण्यापूर्वी मागावी. अर्ज पाठविला म्हणजे रजा वाढली, असे समजू नये. मंजुरी आली नाही तर परत निघावे.

घरातील कामांचे नियोजनही महत्त्वाचे आहे. शेताच्या बांधाचा वाद, सातबाऱ्यातील नोंद, न्यायालयाची तारीख यांतच अनेकांची रजा संपून जाते. युद्ध किंवा विशेष परिस्थितीत सेवा बजावणारा जवान हजर राहू शकत नसेल तर त्याच्याविरुद्धचा दावा काही अटींवर तहकूब ठेवण्याची तरतूद १९२५ च्या भारतीय सैनिक (दावे) कायद्यात आहे. जुलै २०२५ मध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने सैनिक व त्यांच्या कुटुंबीयांना मोफत कायदेशीर मदत देणारी 'वीर परिवार सहायता योजना' सुरू केली. अशा कामांसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे कुटुंबीयांनी जवान घरी येण्याची वाट न पाहता आधीच जावे.

रजेचा हेतू विसावा हा आहे. महिनोन्महिने पहाऱ्यावर जागलेल्या माणसाला चार रात्री निर्धास्त झोप मिळावी, मुलांच्या शाळेत जाता यावे, आईवडिलांशी बोलता यावे, यासाठी हे दिवस असतात. ते कचेऱ्यांच्या पायऱ्यांवर खर्च होऊ नयेत, ही जबाबदारी कुटुंबाइतकीच गावाची आणि प्रशासनाचीही आहे.