लाल पट्टी खरी की खोटी?

आजची गोष्ट सुरू होते विमानात. साल १९९७. झुरिकहून अटलांटाला निघालेले दोन प्रोग्रामर, केंट बेक आणि एरिक गामा, प्रवासातच एक छोटंसं टूल लिहितात. त्याचं नाव जेयुनिट. कोड बदलला की टेस्ट चालवायच्या, पट्टी हिरवी झाली तर ठीक, लाल झाली तर काहीतरी मोडलंय.

आता टेस्ट लिहिणं इतकं सोपं झाल्यावर काय होणार? ढीग लागले! निकाल येईपर्यंत चहा पिऊन परत यावं, अशी वेळ आली. बेकने पुढे सांगितलं, बिल्ड आणि सगळ्या टेस्ट १० मिनिटांत आटपल्या पाहिजेत. जास्त वेळ लागला की लोक त्या चालवायचंच टाळतात.

मग गूगलने टेस्टचे आकार ठरवले. स्मॉल टेस्टला १ मिनिट. नेटवर्क नाही, डेटाबेस नाही. मीडियमला ५ मिनिटं, तीही स्वतःच्याच मशीनपुरती. बाकीच्या लार्ज. मला सगळ्यात आवडतो तो स्मॉल टेस्टमध्ये ‘स्लीप’ वापरायचा नाही हा नियम. ‘दोन सेकंद थांब, तोवर पान उघडेल’ असं लिहिलं की दोन सेकंद रोज वाया जातात, आणि ज्या दिवशी पान तीन सेकंदांनी उघडतं त्या दिवशी टेस्ट उगाच फेल! म्हणजे टेस्ट हळू का आणि बेभरवशाची का, याचं उत्तर बऱ्याचदा एकच असतं. २०१७ मध्ये गूगलनेच आकडे दिले: स्मॉल टेस्टपैकी ०.५ टक्के फ्लेकी, लार्जपैकी १४ टक्के. फ्लेकी म्हणजे कोड तोच, पण टेस्ट कधी पास, कधी फेल.

त्याच्या आदल्या वर्षीचा आकडा तर झोप उडवणारा आहे. पासची फेल झालेल्या निकालांपैकी सुमारे ८४ टक्क्यांमध्ये फ्लेकी टेस्टचा हात होता. अशा वेळी लाल पट्टी बघून कोण धावत जाईल, सांगा?

उपाय म्हणून फ्लेकी टेस्ट सलग ३ वेळा फेल झाली तरच ती फेल धरायची. पण १५ मिनिटांची टेस्ट असेल तर खरी चूक कळायला ४५ मिनिटं! दुसरा उपाय क्वारंटाइन: फारच लहरी टेस्ट बाजूला काढायची आणि तिच्या नावाने बग नोंदवायचा. वेग परत मिळतो, हे खरं. पण कधी कधी टेस्ट बरोबर असते आणि लहरी असतो तो आपला कोड. दोघांनी एकाच क्षणी एकच सीट बुक केली तरच उघडी पडणारी चूक, शंभरात एकदा दिसणारी. ती पकडणारी टेस्ट क्वारंटाइनमध्ये गेली आणि तो बग कुणी उघडलाच नाही, तर पट्टी मस्त हिरवी राहते, आणि सीट दोघांनाही मिळते.