रंगाचे विटणे आणि कर्करोगाची चिकित्सा

हळदीचा डाग पडलेले धोतर उन्हात वाळत घातले, की डाग फिका होतो. घाटाखालच्या उन्हात तर तो दोन प्रहरात ओळखू येत नाही. ज्या प्रकाशाने रंग खुलून दिसतो, त्याच प्रकाशाने तो मोडतो, हे आपण घरोघर पाहतो. हेच विटणे कर्करोगाच्या एका चिकित्सेत कसे उपकारक ठरले, ते आज पाहू.

म्युनिकमध्ये टापाइनर यांच्या हाताखाली ऑस्कर राब हा विद्यार्थी काम करीत असे. ॲक्रिडीन घातलेल्या पाण्यातले सूक्ष्मजीव उजेडात लवकर मरतात, अंधारात तगतात, हे त्याचे निरीक्षण १९०० साली प्रसिद्ध झाले. १९०३ साली टापाइनर व येसिओनेक यांनी त्वचेच्या कर्करोगावर इओसीन लावून प्रकाश पाडला. पुढे १९१२ साली मेयर-बेट्झ यांनी रक्तापासून काढलेले हिमॅटोपॉर्फिरिन २०० मिलिग्रॅम स्वतःलाच टोचून घेतले. उन्हात जाताच त्यांचे तोंड व हात सुजले. मारक शक्ती तर हाती आली, पण ती आवरावी कशी?

१९७८ साली अमेरिकेत बफेलो येथे डॉ. डॉहर्टी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २५ रोग्यांच्या ११३ गाठींवर असे औषध व तांबडा प्रकाश वापरला. दोनच गाठी दाद देईनात. औषध प्रकाशाची शक्ती प्राणवायूला देते. तो प्रक्षुब्ध होऊन पेशी मारतो, पण जवळच्या औषधालाही मोडतो. आता हा तोटाच नव्हे काय? १९८७ साली पॉटर, मँग व डॉहर्टी यांनी गणित मांडून दाखविले, की तसे नाही. निरोगी भागात औषध थोडे असते. इजा करण्याआधीच ते मोडून संपते. गाठीत ते अधिक असल्याने काम पुरे करते. मात्र औषधाची मात्राच उणी पडली, तर गाठही वाचते. म्हणून मात्रा व प्रकाश यांचा मेळ घालावा लागतो.

कॅनडाने १९९३ साली फोटोफ्रिन या औषधास मान्यता दिली. ते घेतलेल्या रोग्याने निदान तीस दिवस ऊन टाळावयाचे असते. पण म्हणून त्याला अंधारकोठडीत बसवू नये. माजघरातल्या सौम्य उजेडात त्वचेतले उरलेले औषध हळूहळू मोडते आणि रोगी पुन्हा उन्हात जाण्याजोगा होतो. शेतावर राबणाऱ्या माणसाला याचे मोल सांगावयास नको.