चाक, माती आणि बायकांचे हात

भगिनींनो, संक्रांतीला आपण सुगडी पूजतो, उन्हाळ्यात माठातले गार पाणी पितो. परंतु ही विद्या आपल्याकडे किती जुनी आहे आणि तीत आपल्या जातीचा, म्हणजे बायकांचा, वाटा किती, याचा विचार सहसा होत नाही.

संगमनेर तालुक्यात प्रवरेकाठी जोर्वे हे गाव आहे. तेथे १९५०-५१ साली उत्खनन झाले, तेव्हा तांबड्या रंगाची, काळ्या नक्षीची, तोटी असलेली सुबक भांडी निघाली. पुढे १९६८ ते १९८३ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे उत्खनन केले. तेथेही तशीच भांडी मिळाली. ही भांडी सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची. ती चाकावरची, हे कशावरून? खापराच्या आतल्या अंगाला बोटांच्या बारीक गोल रेषा उमटलेल्या असतात. घडवणारा गेला, बोटे मात्र राहिली!

त्या रेषा आजही तशाच उमटतात. माती भिजवून, खडे वेचून कणकेसारखी मळावी लागते. गोळा चाकाच्या बरोबर मध्यावर बसवणे हे पहिले आणि सर्वांत कठीण काम. हात ओले ठेवून, कोपरे अंगाशी घट्ट धरून, डुलणारा गोळा स्थिर करायचा. मग अंगठ्याने मध्ये खळगा करून, एक हात आत व एक बाहेर ठेवून भिंत हळूहळू वर चढवायची आणि शेवटी दोऱ्याने भांडे कापून घ्यायचे. जुने चाक दांडक्याने फिरवीत. त्याचा वेग ओसरण्याआधी काम उरकावे लागे. मडके जरा सुकले की आतून दगड धरून बाहेरून थापटण्याने ठोकीत, तेव्हा ते पातळ व गोल होई.

आता पाहा, माती चाळणे, मळणे, मडकी वाळत घालणे, बाजारात नेऊन विकणे ही कामे पिढ्यान्‌पिढ्या कुंभारणीनेही केली. तरी बाईने चाकाला हात लावू नये, अशी रूढी पुष्कळ ठिकाणी होती. म्हणून बाईला भांडे घडवता येत नाही असे म्हणावे, तर मणिपुरातील थोंगजाव गावी बायकाच भांडी घडवतात, आणि तीही चाकाशिवाय! मातीचा गोळा जागेवर ठेवून त्या स्वतःच त्याच्याभोवती फिरतात. तेथील नीलमणी देवींना २००७ साली पद्मश्री मिळाली. म्हणजे उणीव हातांत नव्हती, रूढीत होती.

आता विजेची चाके आली आहेत. खादी व ग्रामोद्योग आयोगाने २०१८ पासून कुंभार कुटुंबांना ती दिली. दांडक्याचे श्रम वाचले. गोळा मध्यावर बसवण्याचे कसब मात्र हातांनाच शिकावे लागते. रोज कणीक मळणाऱ्या हातांना ते अवघड का वाटावे? आपल्या मुलींना संधी मिळेल तेथे चाकावर जरूर बसू द्या, आणि पुढच्या संक्रांतीला सुगड हाती घ्याल तेव्हा आत बोट फिरवून त्या रेषा पाहा, एवढीच विनंती.