तगरची पेठ आणि आईच्या दुधाचें माप

धाराशिव जिल्ह्यांतील तेरणेकांठचें तेर हें गांव वारकऱ्यांना संत गोरोबाकाकांचें गांव म्हणून परिचित आहे. इतिहासांत मात्र त्याची ओळख ‘तगर’ या नांवानें आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरवर्णनांत पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असलेली ही मोठी पेठ नमूद केलेली आहे. येथील कापड आणि मलमल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराकडे जात असे. १९५८ साली येथें उत्खनन झालें. गांवच्या लामतुरे संग्रहालयांत सातवाहनकालीन मृण्मूर्ती जपून ठेवलेल्या आहेत. मातृत्वाची पूजा सांगणाऱ्या लज्जागौरीच्या मूर्तीही तेर येथें सांपडल्या आहेत.

अशी पेठ मापांवरच चालते. धान्य, तेल, कापड, सर्वांना माप असतें. आणि कुंभारांच्या गांवीं मापाच्या भांड्यांची वाण कशी पडावी? परंतु ज्या अन्नावर त्या नगरींतील प्रत्येक बालकाचे पहिले महिने गेले, त्या अन्नाला मात्र भांडें ठाऊक नव्हतें. आईच्या स्तनांतून तें थेट बाळाच्या मुखांत जातें. म्हणून तें किती, हें कोणास दिसत नाहीं. आणि जें दिसत नाहीं, त्याविषयीं शंका सहज उत्पन्न होते.

प्राचीन वैद्यांनीं या प्रश्नाचा विचार केला होता. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदय’ या ग्रंथांत शरीरांतील द्रव्यांचीं मानें ओंजळीनें दिलीं आहेत, आणि स्तन्याचें मान दोन अंजली असें सांगितलें आहे. ही ओंजळ ज्या त्या व्यक्तीच्या स्वतःच्या हाताची. म्हणजे प्रत्येक मातेचें माप तिचें तिलाच. अर्थात् हें शरीरांतील द्रव्याचें मान होय. दिवसभरांत किती दूध स्रवतें, याचा हिशेब त्यांत नाहीं. सुश्रुतानें त्याहून मार्मिक गोष्ट सांगितली. बाळाच्या दर्शनानें, स्पर्शानें, नुसत्या स्मरणानेंही पान्हा फुटतो. क्रोध, शोक आणि वात्सल्याचा अभाव यांनीं तो आटतो.

प्रत्यक्ष मोजणी पुढें तराजूनें झाली. पाजण्यापूर्वीं आणि पाजल्यानंतर त्याच कपड्यांसह बाळाचें वजन करावयाचें. जो फरक येईल तें प्यालेलें दूध. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत दुसरी युक्ति निघाली. मातेस ड्यूटेरियमयुक्त जड पाण्याची अल्प मात्रा देऊन सुमारे दोन आठवडे तिचा अंश बाळाच्या शरीरांत किती उतरला हें पाहतात आणि त्यावरून दुधाचें मान काढतात.

या मोजणीचें फलित लक्षांत घेण्यासारखें आहे. पहिल्या दिवशीं येणारा चीक अगदीं थोडा, कांहीं चमचे इतकाच असतो. नवजात बाळाचें पोटही तेवढेंच लहान असतें. आठवड्याच्या आंत दूध झपाट्यानें वाढतें. पहिल्या महिन्यापासून सहाव्या महिन्यापर्यंत, निव्वळ अंगावर पिणारें बालक दिवसाला सरासरी ७५० ते ८०० मिलिलिटर दूध घेतें. कोणाचें ५०० असतें, कोणाचें १००० च्या पुढेंही जातें. आणि दोन्ही बालकें सुदृढ असूं शकतात. जुळ्यांच्या माता याच्या दुपटीच्या जवळपासही दूध देऊं शकतात. स्तनाच्या आकारावरून दुधाचा अंदाज बांधणें व्यर्थ होय.

याचें कारण असें कीं, दूध हें आधीं भरून ठेवलेल्या रांजणासारखें नाहीं. जितकें काढलें जाईल तितकें नवें तयार होतें. साचून राहिलें तर निर्मिति मंदावते. म्हणूनच ‘अंगावर पुरत नाहीं’ या शंकेचा धोका मोठा आहे. शंकेपोटीं वरचें दूध सुरू होतें, बाळ कमी ओढतें, त्यामुळें आईचें दूध खरोखरच कमी होतें, आणि शंका खरी ठरते. वरच्या दुधाबरोबर अस्वच्छ पाणी व भांडीं आलीं, कीं अतिसारही येतो. तो अर्भकांच्या जिवावर बेततो. अळिवाचे लाडू, खीर हीं बाळंतिणीच्या पोषणास उत्तमच. पण पान्ह्याचा मुख्य उपाय वारंवार आणि नीट पाजणें हाच. बाळ दिवसांतून सहा किंवा अधिक वेळां लघवी करीत असेल आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरेसें आहे असें समजावें. तसें नसेल, तर मात्र डॉक्टरांस दाखविण्यास विलंब करूं नये.

कांहीं मातांचें दूध खरोखरच अपुरें पडतें, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांची निकड तर फारच मोठी असते. १९८९ साली मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयांत डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकारानें मातृदुग्धपेढी स्थापन झाली. आशियांतील ती पहिली पेढी मानली जाते. तेथें एका मातेचें जादा दूध निर्जंतुक करून दुसरीच्या बाळास मिळूं लागलें. तगरच्या पेठेंत ज्याला कधीं माप लागलें नव्हतें, त्या दुधाला येथें मिलिलिटरचें माप लागलें. मात्र तें विकण्यासाठीं नव्हे, तर ज्या बाळाला दूध कमी पडतें, त्याला तें पुरवितां यावें म्हणून.