बास मासेमारी : आडोशातील कृत्रिम आमिषे

पाण्यात बुडालेली झाडे, खुंट, पाणवनस्पतींचे दाट पट्टे, दगडांचे ढीग, धक्क्यांचे खांब अशा आडोशांत दबा धरून बसणाऱ्या बास माशाला कृत्रिम आमिषाने गळाला लावण्याची कला. तिची वाढ प्रामुख्याने अमेरिकेत झाली. येथे बास म्हणजे मूळचा उत्तर अमेरिकेतील, गोड्या पाण्यातला मोठ्या तोंडाचा बास (लार्जमाउथ). ‘एशियन सी बास’ या नावाने विकला जाणारा कोकणातला जिताडा निराळ्या कुळातला. मात्र खाडीत कांदळवनाच्या मुळांशी टपून बसण्याची खोड त्यालाही आहे.

बास लांब पाठलाग करण्याच्या भानगडीत सहसा पडत नाही. तो सावलीत स्थिर राहतो आणि भक्ष्य टप्प्यात आले की झेपावतो. त्याचा जबडा एका क्षणात इतका रुंद उघडतो की पाण्याच्या लोंढ्याबरोबर भक्ष्य आत ओढले जाते. काही खटकले, तर तितक्याच चपळाईने तो ते थुंकूनही टाकतो. ऊन कडक असेल किंवा पाणी गढूळ असेल तेव्हा तो आडोशाला आणखी चिकटतो, आणि मग आमिष हातभर दूर पडले तरी फुकट जाते. जाणते गळकरी त्यामुळे सबंध झुडपावर आमिष फेकत बसत नाहीत. सूर्य कोणत्या बाजूला आहे, पट्ट्याचा कोपरा कुठे वळतो, सपाट तळावर एकटा खुंट कुठे उभा आहे, हे आधी पाहतात. तळाची ठेवण, म्हणजे उतार, कडे, जुने नदीपात्र, ही वेगळी बाब. उत्तर कॅरोलायनातील बक पेरीने तिचे महत्त्व अमेरिकी गळकऱ्यांच्या मनावर बिंबवले. उत्तम जागा बहुधा तिथे सापडते, जिथे असा उतार आणि आडोसा एकत्र येतात.

अडचण उघड आहे. मासा जिथे असतो तिथेच गळ अडकतो. उघड्या तिकांडी गळांचे लाकडी आमिष झुडपात टाकणे म्हणजे ते तिथे ठेवून येणे. यावरचा सर्वांत टिकाऊ तोडगा मऊ प्लास्टिकच्या गांडुळातून निघाला. ओहायो राज्यातील ॲक्रन शहरात निक क्रीम याने 1949 मध्ये असे गांडूळ तयार केले. पुढे त्याचा व्यवसाय टेक्सासमधील टायलर येथे गेला. झाडाझुडपांनी भरलेल्या तिथल्या जलाशयांत रुळलेली मांडणी ‘टेक्सास रिग’ म्हणून ओळखली जाते. तिच्यात आधी तंगुसात गोळीच्या आकाराचे, टोकदार वजन ओवतात आणि मग गळ बांधतात. गळाचे टोक गांडुळाच्या डोक्यात अर्धा-पाऊण सेंटिमीटर घालून बाजूने काढतात, गळ फिरवतात आणि टोक पुन्हा अंगात रोवतात. गांडूळ सरळ लोंबले पाहिजे. ते मुरडले तर ओढताना गरगर फिरते आणि तंगुसाला पीळ पडतो. दाट फांद्यांत वजन आणि गांडूळ वेगवेगळ्या बेचक्यांत जाऊ नये म्हणून वजनापुढे रबरी अडणी लावतात. पूर्वी त्या जागी दात कोरायची काडी खुपसत.

आमिष अडकत नाही एवढ्याने भागत नाही, ते अचूक आणि गुपचूप पडावे लागते. कॅलिफोर्नियात लव्हाळ्यांच्या बेटांत लांबलचक काठीने आमिष सोडण्याची जुनी रीत होती. डी थॉमस याने तिला आटोपशीर रूप दिले आणि 1975 मध्ये आर्कान्सॉमधील बुल शोल्स जलाशयावरची स्पर्धा याच ‘फ्लिपिंग’च्या बळावर जिंकली. काठीच्या लांबीवर इतर स्पर्धकांनी कुरकुर केल्यावर त्याने साडेसात फुटांची काठी वापरली आणि ‘फ्लिपिंग’ची काठी म्हटली की पुढे तीच लांबी रूढ झाली. यात रीळ फिरवून फेक करायची नसते. एका हातात काठी, दुसऱ्या हातात रिळाजवळून ओढून घेतलेला तंगूस. आमिषाला झोका द्यायचा आणि ते पाण्याला टेकते न टेकते तोच हातातला तंगूस मोकळा सोडायचा. आमिष सरळ खाली उतरते. बहुतेक वेळा मासा ते उतरतानाच घेतो आणि हाताला काही जाणवतही नाही. तंगूस मध्येच थांबतो, किंचित उडी मारतो किंवा आडवा सरकू लागतो. त्या क्षणी झटका द्यायचा आणि माशाचे डोके वर उचलायचे. त्याला खोडाभोवती एक वळसा मिळाला, की सगळा खेळ आटोपला.

जलपर्णीचा त्रास महाराष्ट्रातील नद्यांना नवा नाही. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या याच वनस्पतीने कॅलिफोर्नियाचा त्रिभुज प्रदेश आणि फ्लोरिडाही व्यापला आहे. बाससाठी तिचा थर म्हणजे छप्पर. वर हिरवा गालिचा, खाली मात्र अंधारी, मोकळी पोकळी. ते छप्पर भेदण्यासाठी 28 ते 56 ग्रॅमचे टंगस्टनचे वजन वापरतात. टंगस्टनची घनता शिशापेक्षा बरीच अधिक, त्यामुळे तेवढेच वजन लहान आकारात मावते आणि भोकातून सुळकन जाते. या कामाला नायलॉन तंगूस पुरत नाही. 50 ते 65 पौंडांचा विणीचा दोर लागतो, कारण माशाबरोबर दोन-चार किलो पाला वर येतोच.

थराच्या वरून खेळायचे असेल तर पोकळ रबरी बेडूक. त्याचे दोन गळ पाठीवर चिकटून वर वळलेले असतात आणि अंग दाबले गेले तरच उघडे पडतात. खालून उसळी येते, पाणी फुटते आणि नवखा गळकरी हमखास घाईने झटका देतो. माशाचे वजन हाताला लागेपर्यंत थांबायचे असते, आणि ते थांबणेच अवघड. महाराष्ट्रातील धरणे-तलावांवर हाच बेडूक मरळसाठी वापरला जातो. मरळ हवा घेण्यासाठी पृष्ठभागावर येते, पाणवनस्पतींत राहते, त्यामुळे आमिष तिला चपखल बसते. पिल्लांच्या थव्यावर फेकून राखणदार मरळ पकडण्याची पद्धतही काही ठिकाणी दिसते. ती परिणामकारक आहे, पण मागे उरलेल्या पिल्लांना वाली राहत नाही.

आडोसा टाळण्याऐवजी त्यावर मुद्दाम आदळणारे आमिष म्हणजे ‘क्रँकबेट’. टेनेसीतील फ्रेड यंग याने बाल्सा लाकडातून कोरलेले गुबगुबीत ‘बिग ओ’ प्रथम हातोहात विकले जाई. 1973 मध्ये कॉटन कॉर्डेलने त्याची प्लास्टिक आवृत्ती बाजारात आणली. चौकोनी ओठाच्या क्रँकबेटचा ओठ खुंटाला आधी टेकतो आणि गळ बाजूला फेकले जातात. टक्कर झाली की रीळ क्षणभर थांबवायचे. आमिष डळमळत वर तरंगते आणि तोवर ढिम्म असलेला बास त्यावर तुटून पडतो. भूक नसतानाही तो असे का करतो, यावर गळकऱ्यांचे वाद न संपणारे आहेत.

बोटींच्या धक्क्याखाली मात्र वरून वाट नसते. तिथे चपटा दगड पाण्यावर टप्पे घेत जावा तसे आमिष फळ्यांच्या खालून आत सारतात. फेकीचा अंदाज चुकला, तर रिळावर तंगुसाचा गुंता होतो.

आडोसा कायमचा नसतो. टेक्सास-लुइझियाना सीमेवरील टोलेडो बेंडसारख्या 1960 च्या दशकातील जलाशयांत उभी जंगले बुडाली आणि बासची चंगळ झाली. ते लाकूड वर्षागणिक कुजत जाते. त्यामुळे अमेरिकेत अनेक ठिकाणी नाताळनंतर टाकून दिलेली झाडे वजन बांधून तळाशी सोडतात. ध्वनितरंगांच्या प्रतिध्वनीवर चालणाऱ्या यंत्रांमुळे असे ढीग आता पडद्यावर फांदी-फांदीसह दिसतात.

सर्वांत मोठ्या बासचा विक्रम 2 जून 1932 रोजी जॉर्जियातील माँटगोमेरी तळ्यावर जॉर्ज पेरीने केला. वजन 22 पौंड 4 औंस, आमिष लाकडी. मासा घरी नेऊन कुटुंबाने खाल्ला. जपानच्या बिवा सरोवरात मनाबू कुरिताने 2 जुलै 2009 रोजी किंचित अधिक वजनाचा बास काढला. पण जुना विक्रम मोडण्यासाठी किमान दोन औंसांची आघाडी लागते, म्हणून दोघे बरोबरीत धरले गेले. कुरिताचे आमिष म्हणजे जिवंत ब्लूगिल मासा होता.

अमेरिकेत रे स्कॉटच्या ‘बास’ या गळकऱ्यांच्या संघटनेने 1972 पासून पकडलेला मासा जिवंत सोडण्याचा आग्रह धरला आणि तो सर्वत्र रुजला. जपानमध्ये उलटे आहे. तिथे 1925 मध्ये आशी सरोवरात सोडलेला बास देशभर पसरला, स्थानिक मासे घटले आणि 2005 मध्ये तो कायद्याने आक्रमक परकी प्रजातींत गेला. शिगा प्रांताने त्याआधीच, 2003 मध्ये, बिवातला पकडलेला बास परत सोडायला मनाई केली. सरोवराकाठी तो टाकण्यासाठी पेट्या ठेवलेल्या असतात.