सिग्नल पडल्याशिवाय गाडी हलत नाही

माझं बालपण नांदगावात, मुंबई-भुसावळ मार्गावरच्या स्टेशनाजवळ गेलं. मुंबईकडे जाणारी गाडी ‘अप’ आणि भुसावळकडे जाणारी ‘डाऊन’, हे आम्हाला पाढ्यांच्या आधी पाठ झालं. कितीदा तरी भरलेली मालगाडी उभी असायची, इंजिन धडधडत असायचं. पण सिग्नल पडेपर्यंत गाडी जागची हलायची नाही. इंजिनापेक्षा सिग्नल मोठा, ही तेव्हाची समजूत मला पुढे जीवशास्त्राच्या इतिहासात पुन्हा भेटली.

मित्रहो, आपल्या पेशींमध्येही रूळ असतात. सूक्ष्मनलिका हे त्यांचं नाव. त्यांची जाडी अवघी 25 नॅनोमीटर. आणि एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग! या रुळांवरून काही प्रथिनं इंजिनासारखी माल ओढतात. त्यातल्या ‘डायनीन’चं नामकरण 1965 साली झालं. इयान गिबन्स यांना ते एका एकपेशीय जीवाच्या हलणाऱ्या केसांत सापडलं होतं. पुढे 1985 साली अमेरिकेत वुड्स होल इथे रोनाल्ड वेल, थॉमस रीस आणि मायकल शीट्झ यांनी स्क्विडच्या, म्हणजे आपल्या कोकणातल्या माकुळाच्या, मज्जातंतूंतून दुसरं इंजिन शोधलं. ते ‘कायनेसिन’. कायनेसिन बहुधा पेशीच्या मध्याकडून कडेला जातं, डायनीन कडेकडून मध्याकडे येतं. एक डाऊन, एक अप!

इंजिनं मिळाली, सिग्नलचं काय? माल नसला की कायनेसिन दुमडून बसतं, त्याची शेपटी डोक्याला टेकते आणि चाल थांबते. इंधन फुकट जात नाही. पण कोणता माल कधी हलवायचा, हे कोण ठरवतं?

याचं एक सुंदर उत्तर मुंबईत मिळालं. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रूप मल्लिक या मूळच्या भौतिकशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या इंजिनांची ताकद मोजली. एकटं डायनीन दुबळं. पण अनेक मिळून मोठं ओझं ओढतात, हे त्यांनी 2013 साली दाखवलं. कसाऱ्याच्या घाटात गाडीला जादा इंजिनं लावतात, तसंच हे.

मग ते यकृताकडे वळले. यकृताच्या पेशीत चरबीचे थेंब साठलेले असतात. पोटभर जेवलं की इन्शुलिन वाढतं. त्याच्या इशाऱ्याने थेंबांवर कायनेसिन चढतं आणि थेंब पेशीच्या कडेला नेतं. तिथून ती चरबी रक्तात जाण्याची तयारी होते. उपवासात (साबुदाण्याच्या खिचडीच्या नव्हे, खऱ्या!) शरीरातली चरबी यकृतात येऊन साठते. ती सगळी रक्तात लोटली गेली तर अनर्थ. पण इन्शुलिन उतरलेलं असतं, कायनेसिन थेंबांवरून निघून जातं आणि माल यार्डातच थांबतो. उंदरांवरच्या प्रयोगांतून 2017 आणि 2019 साली हे प्रसिद्ध झालं. मल्लिक यांना 2018चा इन्फोसिस पुरस्कार मिळाला.

यातून लगेच औषध निघालं, असं नाही. पण रक्तातल्या चरबीची धास्ती आज घरोघरी आहे. ती आटोक्यात ठेवायची तर नुसतं इंजिन ओळखून भागणार नाही. सिग्नलची केबिनही ओळखावी लागेल.

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)